बोटभर विलोची वाटचाल

वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी नावाजलेलं. फटाक्यांच्या काळ्या दारूत सोरा आणि गंधकाइतकाच कोळसा महत्त्वाचा. तो हलका हवा, झटकन पेटणारा हवा. आपल्याकडे पूर्वी दारूसाठी तुराट्यांचा कोळसा पाडत, युरोपातले दारूवाले विलोचं लाकूड पसंत करत. काश्मिरी बॅटचा विलो तो हाच. आपल्या नदीकाठचा वाळुंजही याच कुळातला.

या कुळात एक झुडूप मात्र असं, की त्याचा ना कोळसा पडेल, ना बॅट होईल. पुरतं वाढलं तरी ते बोटभरच.

1732 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस लॅपलँडच्या डोंगरांत हिंडला आणि पुढे त्याने या झुडपाला सगळ्या झाडांत धाकटं ठरवलं. नाव सॅलिक्स हर्बेशिया. खोड आणि फांद्या बहुतेक जमिनीखाली. वर दोन-तीन गोल, चकचकीत पानं आणि नखाएवढा तुरा. नर झाड वेगळं, मादी वेगळं. थंडीभर बर्फच त्याला बोचऱ्या वाऱ्यापासून राखतो. बर्फ वितळला की पान, फूल, बी सगळं दोन-तीन महिन्यांत उरकायचं.

1870 च्या सुमारास या खुज्या विलोंचं मोल एकदम वाढलं. आल्फ्रेड नाथोर्स्ट हा विशीतला स्वीडिश तरुण. दक्षिण स्वीडनच्या सपाट शेतीच्या मुलखात, चिकणमातीच्या थरात, त्याला ध्रुवीय विलोची दबलेली पानं मिळाली. जिथे आज पिकं डोलतात तिथे एके काळी ध्रुवावरची थंडी होती, याचा तो पुरावा. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी हिमयुग सरलं, तशी ही झुडपं काही उत्तरेला सरकली, काही आल्प्स आणि स्कॉटलंडचे डोंगर चढली. हिमालयातही सॅलिक्स लिंडलेयाना अशीच खडकाला बिलगून रांगते.

गेल्या काही दशकांत आर्क्टिकमध्ये उंच झुडपं पसरताना दिसताहेत. त्यांच्या सावलीत या बोटभर झुडपाचा निभाव लागणं कठीण. त्याला उघडी, गार जागा लागते. हिमयुग सरताना ऊब वाढली तेव्हा ते वर चढून वाचलं. आता ज्या डोंगरांवर ते आधीच माथ्याशी पोचलंय, तिथे वर सरकायला जागाच उरलेली नाही.