गृहभेट, पालकशिक्षण आणि घरची बोली

बालकाचे पहिले विद्यालय म्हणजे त्याचे घर, हे वचन जुनेच आहे. परंतु त्या विद्यालयातील शिक्षकांस, म्हणजे मातापित्यांस, त्यांच्या दारी जाऊन साहाय्य करणे हे सार्वजनिक यंत्रणेचे कर्तव्य होय, हा विचार त्या मानाने नवा आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी होते. तीन वर्षांखालील बालकाच्या घरी अंगणवाडी सेविका जात असे ती मुख्यतः वजन, आहार व लसीकरण यांची विचारपूस करण्यासाठी. म्हणजे ज्या वयात भाषेचा पाया घातला जातो, त्याच वयात भाषा हा भेटीचा विषय नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात ‘आरंभ’ या नावाने झाला. बालविकास योजना, युनिसेफ आणि सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने तो प्रथम यवतमाळ आणि तत्कालीन औरंगाबाद या जिल्ह्यांत हाती घेण्यात आला. गृहभेट, मातांच्या बैठका व पालकमेळावा ही त्याची साधने होत. बालकाशी बोलावे, खेळावे, त्याच्या हुंकारास उत्तर द्यावे, हे त्यांतून पालकांस प्रत्यक्ष करून दाखवावयाचे असते. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला.

अशा भेटींचे फळ किती दूरवर पोहोचू शकते, याचा दाखला जमैकात मिळतो. किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्यास एक तास कार्यकर्ती जाऊन मातेस मुलाशी खेळण्याची रीत दाखवीत असे. सुमारे वीस वर्षांनंतर, ज्यांना ही भेट लाभली नव्हती अशा समवयस्कांपेक्षा त्यांची कमाई सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक आढळली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. मातेने बालकाशी बोलावे हे खरे. पण कोणत्या भाषेत? सिल्लोड तालुका याच जिल्ह्यात मोडतो. उत्तरेस सोयगाव ओलांडले की खानदेश लागतो. या परिसरात मराठवाडी वळणाच्या मराठीबरोबर दखनी आणि तांड्यांवरील गोरमाटी कानी पडते. अहिराणीची छटाही दूर नाही. प्रशिक्षणाच्या पुस्तिका मात्र प्रमाण मराठीत असतात. ‘उद्दीपन’, ‘प्रतिसादात्मक संगोपन’ असले शब्द सेविकेने उंबऱ्यावर जसेच्या तसे उच्चारले, तर माता मान डोलावील व गप्प राहील. त्याहून मोठा अनर्थ म्हणजे आपली बोली मुलाच्या कानांवर पडू देण्याजोगी नाही, असा तिचा समज होणे. असे झाल्यास ती मुलाशी कमी बोलेल, आणि ज्या हेतूने भेट योजिली तो हेतूच विफल होईल.

वस्तुतः या कार्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक घरात आधीपासूनच आहे. १९६४ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेची तुलना केली. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठी बालभाषेवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. ‘मंमं’, ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘गाई’ हे शब्द म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यातील चुका नव्हेत. सुलभ ध्वनी, अक्षरांची पुनरावृत्ती आणि लाडिक सूर यांनी ती सिद्ध झालेली, परंपरेने चालत आलेली एक व्यवस्था आहे. चिऊकाऊचा घास भरविताना आजी थांबते, नातवाच्या तोंडाकडे पाहते, त्याच्या आवाजाची वाट पाहते; आळीपाळीने बोलण्याचा संभाषणधर्म बालक येथेच शिकते.

यावरून गृहभेटीची दिशा निश्चित होते. सेविकेने प्रथम ऐकावे. घरात कोणती बालभाषा, कोणते खेळ, कोणत्या अंगाया चालतात हे जाणून घ्यावे. आणि नवी कृती त्यांच्या आधारे, त्याच बोलीत मांडावी. तांड्यावर गोरमाटी जाणणाऱ्या सेविकेचे मोल म्हणूनच विशेष आहे. प्रमाण मराठी शाळेत शिकता येते. तेथे पोहोचण्यापूर्वी कोणत्या तरी एका भाषेत बालकाचे मन भरलेले असावे लागते. ती भाषा घरचीच असू शकते.