उंची म्हणजे बल नव्हे : घरात वाढविलेल्या औषधी रोपांची निगा

आमच्या शाखेच्या श्रावणातील बैठकीत प्रत्येक सभासदाला अश्वगंधेची दोन रोपे द्यावयाची, असा संकल्प आम्ही सन २०२२ मध्ये सोडला होता. अश्वगंधा चूर्णाचा डबा ज्याच्या औषधालयात नाही असा वैद्य विरळाच. परंतु अश्वगंधेचे जिवंत रोप पाहिलेले आणि तिच्या ओल्या मुळाचा गंध स्वतः घेतलेले आपल्यात किती, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, तेव्हा उत्तर संकोच वाटावा असेच आले. जे द्रव्य आपण रोज रुग्णाच्या हाती देतो, ते निदान एकदा तरी अंगणात वाढलेले पाहावे, एवढाच त्या संकल्पामागील हेतू होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बी पेरले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात त्या वर्षी संततधार लागली आणि अंगणातील वाफ्यातले कोंब मर लागून कुजू लागले. म्हणून दुसरी पेरणी ट्रेमध्ये करून ते ट्रे आम्ही चिकित्सालयामागील खोलीत, खिडकीशी मांडून ठेवले. दहाव्या दिवशी हिरवे कोंब दिसले. आणखी सहा दिवसांत ते बोटभर उंच झाले. "वाढ उत्तम आहे," असे आम्ही सहकाऱ्यांना अभिमानाने सांगितलेही. पुढच्या आठवड्यात सगळी रोपे खिडकीच्या दिशेने झुकली, मग एकेक करून आडवी झाली. दोनशेपैकी एकतीस उरली आणि बैठकीला आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. उंचीलाच बल समजण्याची ही चूक सर्वस्वी आमचीच होती. तीच अन्य वैद्यबंधू-भगिनींकडून होऊ नये, यासाठी हा लेखप्रपंच. मांडणीसाठी हेतू, लक्षण व चिकित्सा हा आपल्या परिचयाचाच क्रम घेतला आहे.

हेतू

काटकुळे, लांबलचक रोप पाहिले की वातप्रकोपाचे निदान करण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरून वनस्पतिशास्त्र काय सांगते ते आधी पाहू. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी सन १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, गवतवर्गीय कोंबाच्या टोकाला प्रकाशाची जाणीव होते आणि वाकण्याची क्रिया मात्र त्याखालील भागात घडते. टोकाकडून खाली जाणारे हे संदेशद्रव्य म्हणजे ऑक्झिन, हे पुढे स्पष्ट झाले. एका बाजूने प्रकाश आला की सावलीकडील बाजूस ऑक्झिन अधिक साठते, ती बाजू अधिक लांबते आणि रोप प्रकाशाकडे झुकते.

लांबण्याचे कारणही याच्याशीच निगडित आहे. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य लाल व अतिलाल प्रकाशाचे प्रमाण ओळखते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषून घेतात व अतिलाल बराचसा परत फेकतात. त्यामुळे अतिलालाचे प्रमाण वाढले, की शेजारी दुसरे झाड आहे आणि आपण त्याच्या सावलीत सापडणार, असा संकेत रोपाला मिळतो. मग मूळ व पाने यांच्या पोषणास कात्री लावून ते सारा संचय कांड लांबविण्यात खर्च करते. मंद प्रकाशातही परिणाम तोच होतो. अशा वेळची वाढ ही पुष्टी नसून प्रकाशासाठी चाललेली धावपळ असते.

आपल्या डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, हाच खरा भ्रम. निरभ्र दुपारी सूर्यप्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर दिवा लावलेल्या खोलीत तो बहुधा काहीशे लक्सच असतो. डोळा या फरकाशी सहज जुळवून घेतो, रोपाला ते साधत नाही. याखेरीज दाट पेरणी, उबदार बंद खोली, वाऱ्याचा अभाव, सतत ओली माती आणि अकाली दिलेले नत्रयुक्त खत हे सहायक हेतू होत. आमच्या खोलीत खत सोडून बाकी सर्व हजर होते.

लक्षण

बीजदलांखालचा कांड दोऱ्यासारखा बारीक व लांब होणे, दोन पानांतील अंतर वाढणे, पाने लहान व फिकट राहणे आणि रोप एका दिशेस झुकणे, ही मुख्य लक्षणे. झुकणे हे बरेचदा सर्वांत आधी दिसते. त्याच दिवशी उपाय केल्यास रोपे वाचतात. कांड जमिनीलगत पाणचट होऊन चिमटल्यासारखा दिसला, तर ती बुरशीजन्य मर होय. तिचा विचार वेगळा करावा आणि अशी रोपे लागलीच काढून टाकावीत.

चिकित्सा

येथे निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. सन २०२३ मध्ये आम्ही योजिलेली व्यवस्था अशी होती. चार फूट लांबीच्या, प्रत्येकी २० वॅटच्या तीन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब एका लाकडी चौकटीवर सुमारे १५ सेंटिमीटर अंतराने समांतर बसविल्या आणि चौकट साखळीने टांगली. रोपांच्या शेंड्यापासून ट्यूबचे अंतर १० ते १५ सेंटिमीटर ठेवले व रोपे वाढतील तशी चौकट वर उचलली. अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने घटतो, म्हणून छताचा दिवा कितीही लखलखीत असला तरी या कामी निरुपयोगी. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब मात्र टाळावा. त्याच्या प्रकाशात अतिलाल व उष्णता अधिक असल्याने रोप उलट लांबते.

दिवे रोज १५ तास चालू व रात्री ९ तास बंद, असा क्रम टायमर लावून पाळला. रोपालाही रात्र हवी. खर्चाचा हिशेब सोपा आहे. ६० वॅट गुणिले १५ तास म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, चार आठवड्यांत सुमारे २५ युनिट. दिवे पहिला कोंब दिसताच लावावेत. दोन दिवसांचा विलंबही कांडाच्या लांबीत दिसून येतो आणि एकदा लांबलेला कांड पुन्हा आखूड होत नाही.

दुसरा उपाय वारा. हलणाऱ्या रोपाचा कांड आखूड व जाड होतो, हे वनस्पतींच्या स्पर्शप्रतिसादावरील अभ्यासातून सिद्ध झाले आहे. छोटा पंखा मंद गतीने दिवसातून दोन तास लावावा. पंखा नसल्यास तळहात शेंड्यांवरून हलकेच दहा-वीस वेळा फिरवावा, सकाळी व सायंकाळी. आमच्या घरी हे काम मुलांनी आनंदाने पत्करले.

तिसरा उपाय विरळणी. खरी पाने फुटताच दोन रोपांत किमान दोन इंच अंतर राहील अशी जादा रोपे कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. पाणी ट्रेच्या खालून द्यावे व मातीचा वरचा थर कोरडा झाल्यावरच पुन्हा द्यावे. खऱ्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत खत देऊ नये.

जी रोपे आधीच लांबली आहेत त्यांचे काय? येथे द्रव्यागणिक विचार हवा. तुळशीच्या कांडाला मुळे फुटतात, म्हणून ती पुन्हा लावताना बीजदलांपर्यंत खोल लावता येते. अश्वगंधेचे तसे नाही. तिचे सोटमूळ हेच आपले औषध. उशिरा हलविल्यास ते दुखावते व वेडेवाकडे फाटे फुटतात, आणि ओल्या मातीत गाडलेला कोवळा कांड कुजण्याचा धोका असतो. ती दोन पानांवर असतानाच खोल पिशवीत हलवावी. फार लांबलेली असतील तर मोह सोडून पुन्हा पेरावे, हेच श्रेयस्कर.

शेवटी, खोलीतील रोप एकदम उन्हात नेऊ नये. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर, मग रोज थोडे अधिक, असे आठ-दहा दिवसांत त्याला बाहेरचे सात्म्य करावे. सात्म्य क्रमाने घडते, हे वैद्याला वेगळे सांगावयास नको.

उपसंहार

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, औषधी कोणत्या भूमीतील घ्यावी याचे विवेचन आहे. योग्य काळी थंडी, ऊन, वारा व पाणी मिळालेली आणि अधिक बलवान वृक्षांनी न दडपलेली वनस्पती तेथे प्रशस्त मानली आहे. हा अध्याय आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी पाठ केला होता. दोनशे रोपे आडवी झाल्यावर तो पुन्हा उघडला, तेव्हा ऊन, वारा, पाणी आणि शेजाऱ्याची सावली या चारही गोष्टी आमच्या ट्रेमध्ये चुकल्याचे ध्यानात आले. कृत्रिम दिवा सूर्याची जागा घेऊ शकत नाही. आषाढातील तीन-चार आठवडे रोपाचे बाल्य सांभाळण्यापुरताच त्याचा उपयोग.

सन २०२३ च्या श्रावणातील बैठकीला आम्ही १६४ रोपे घेऊन गेलो. ती मागील वर्षीच्या रोपांच्या निम्म्या उंचीचीही नव्हती. एका ज्येष्ठ वैद्यांनी पिशवी हातात घेत, "एवढीशीच?" असे विचारले. आम्ही त्यांना रोपाचा कांड बोटांत धरून पाहण्याची विनंती केली. त्याच वर्षी माघात त्यांनी त्या रोपाचे मूळ खणून आम्हांस वास घेण्यासाठी आणून दिले.