परदेशवास आणि निवृत्तिवेतन

तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या जीवनात दर महिन्याचा एक दिवस विशेष महत्त्वाचा असतो. त्या दिवशी बँकेच्या पासबुकात निवृत्तिवेतनाची नोंद होते. ही रक्कम लहान असो वा मोठी, तिच्यामुळे उतारवयात कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पूर्वी निवृत्त माणूस बहुधा आपल्याच गावी राहत असे. बँकेतील कर्मचारी त्याला चेहऱ्याने ओळखत आणि एखादा कागद अपुरा राहिला तर दुसऱ्या दिवशी जाऊन तो पुरा करता येई. आता अनेक घरांतील मुले नोकरीनिमित्त टोरांटो, मेलबर्न, दुबई किंवा लंडन येथे स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्यापाठोपाठ वृद्ध आईवडीलही परदेशी राहावयास जात आहेत. अशा वेळी भारतातील निवृत्तिवेतनाचे आणि बँकखात्याचे काय होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

निवृत्तिवेतन : उपकार नव्हे, हक्क

निवृत्तिवेतन ही सरकारने कृपा म्हणून दिलेली देणगी नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे त्या पीठाचे प्रमुख होते. निवृत्तिवेतन हा पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वृद्धापकाळी सन्मानाने जगता यावे हा त्याचा हेतू आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. सेवेतून मिळालेला हा हक्क केवळ वास्तव्याचे ठिकाण बदलल्याने नाहीसा होत नाही. मात्र हक्क असणे आणि तो दर महिन्याला हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूर राहणाऱ्याला आपला हक्क जागता ठेवावा लागतो.

भेट की स्थलांतर?

समजा, भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी पत्नीसह टोरांटोला मुलाकडे निघाले आहेत. ते नातवंडांना भेटून चार-पाच महिन्यांनी परतणार असतील, तर त्यांच्या बँकखात्यात कोणताही बदल करावा लागत नाही. परंतु ते तेथे अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने जात असतील, तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ यानुसार ते ‘अनिवासी’ ठरतात. हा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. त्यात वास्तव्याचे दिवस मोजले जातात, तसाच परदेशी जाण्याचा हेतूही पाहिला जातो.

अनिवासी झाल्यावर नेहमीचे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून त्याचे रूपांतर अनिवासी सामान्य खात्यात करून घ्यावे लागते. बँकेच्या व्यवहारात हे खाते ‘एन. आर. ओ.’ खाते म्हणून ओळखले जाते. भारतातच मिळणारे उत्पन्न, म्हणजे निवृत्तिवेतन, घरभाडे, लाभांश, व्याज इत्यादी, या खात्यात जमा होते. निवृत्तिवेतनासारखे चालू उत्पन्न कर भरल्यानंतर परदेशी पाठवता येते. घर विकून आलेली रक्कम किंवा जुनी शिल्लक यांसाठी एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे.

‘एन. आर. ई.’ हे दुसरे खाते प्रामुख्याने परदेशी कमाई भारतात आणून रुपयांत ठेवण्यासाठी असते. त्यातील मुद्दल व व्याज दोन्ही पुन्हा परदेशी नेता येतात. निवृत्त वडिलांचे खाते बहुधा पहिल्या प्रकारचे असते, तर परदेशी कमावणाऱ्या मुलाला दुसऱ्या प्रकारचे सोयीचे ठरते. या दोहोंत गल्लत झाल्यास पुढे पैसे पाठवताना अडचणी येतात.

अनिवासी झाल्यावर काही बचतयोजनांची दारेही बंद होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांत अनिवासी व्यक्तीला नवे खाते उघडता येत नाही. म्हणून आपल्या सर्व ठेवींची यादी करून बँकेशी व डाकघराशी बोलणे, हे प्रस्थानापूर्वीचे एक आवश्यक काम आहे.

हयातीचा दाखला

‘हयात’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ जीवन. प्रशासकीय मराठीत ‘हयातीचा दाखला’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. निवृत्तिवेतन व्यक्तीच्या हयातीपर्यंतच द्यावयाचे असल्यामुळे ती व्यक्ती जिवंत असल्याची खात्री सरकारला दरवर्षी करून घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांनी हा दाखला नोव्हेंबर महिन्यात द्यावयाचा असतो. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची सवलत आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील निवृत्तांचा दाखला मात्र वर्षात केव्हाही देता येतो आणि तो दिल्यापासून बारा महिने ग्राह्य धरला जातो.

परदेशी राहणाऱ्याने या दाखल्यासाठी भारतात यावे, अशी अट नाही. तेथील भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास यांच्या अधिकाऱ्याकडून तो घेता येतो. दंडाधिकारी, नोटरी किंवा बँक अधिकारी यांनी स्वाक्षरी केलेला दाखला अधिकृत प्रतिनिधीमार्फत सादर करण्याचीही तरतूद आहे. याखेरीज १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही आधार क्रमांकावर चालणारी संगणकीय पद्धत सुरू झाली. प्रथम तीत बोटांचे ठसे किंवा डोळ्यांतील बुबुळाची प्रतिमा लागत असे. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहऱ्याची ओळख पटवण्याची सोय तीत आली.

दाखला वेळेवर पोहोचला नाही, तर निवृत्तिवेतन थांबते. पुष्कळ वृद्ध माणसे अशा वेळी आपला हक्कच गेला असे समजून हवालदिल होतात. वस्तुतः ते तात्पुरते थांबलेले असते आणि दाखला दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होऊ शकते. मधल्या काळात मात्र औषधपाण्यासाठीही मुलांकडे मागण्याची पाळी येते. म्हणून दाखला पाठवून स्वस्थ न बसता तो मिळाल्याची पोच बँकेकडून घेणे आवश्यक आहे. दाखल्याच्या निमित्ताने दूरध्वनी करून खातेक्रमांक व गुप्त संकेतांक विचारणारे ठकही असतात. कोणतीही बँक अशा प्रकारे गुप्त संकेतांक विचारत नाही.

कराचा विचार

परदेशी राहिल्याने भारतातील कर चुकत नाही. येथील सेवेबद्दल येथेच मिळणारे निवृत्तिवेतन प्राप्तिकराच्या हिशेबात धरले जाते. अनिवासी सामान्य खात्यावरील व्याजातून तीस टक्के दराने, शिवाय उपकर धरून, कर आधीच कापून घेतला जातो. कर लागू होत नसल्याचे घोषणापत्र देऊन ही कपात टाळण्याची जी सवलत निवासी ज्येष्ठांना मिळते, ती अनिवासी व्यक्तीला मिळत नाही. मात्र जास्त कर कापला गेला असल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

प्राप्तिकर कायद्यातील ‘अनिवासी’ आणि परकीय चलन कायद्यातील ‘अनिवासी’ यांचे निकष वेगवेगळे आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कराचा बोजा पडू नये, म्हणून भारताने नव्वदहून अधिक देशांशी करार केले आहेत. प्रत्येक कराराची कलमे निराळी असतात. तेव्हा ज्या देशी राहावयाचे, त्या देशाशी झालेल्या करारात निवृत्तिवेतनाविषयी काय म्हटले आहे, हे जाणकाराकडून समजून घेणे इष्ट.

मागे कोण पाहील?

भुसावळच्या त्या गृहस्थांचे घर, वीजदेयक आणि बँकेची किरकोळ कामे आता कोणी पाहावयाची? यासाठी विश्वासातील नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून देता येते. मुखत्यार व्यक्ती खात्यातून स्थानिक देणी देऊ शकते. मात्र तिला खातेदाराच्या वतीने अनिवासी खाते उघडता येत नाही, तसेच त्यातील पैसा कोणाला भेट म्हणूनही देता येत नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

भारतीय मोबाइल क्रमांकाचे महत्त्वही थोडे नाही. बँकेचे संकेतांक त्याच क्रमांकावर येतात. दीर्घकाळ न वापरल्यामुळे तो क्रमांक बंद पडला, तर खात्यात पैसे असूनही ते हाताळता येत नाहीत. म्हणून परदेशातील क्रमांक व पत्ता बँकेत वेळीच नोंदवावा.

गावाकडची जुनी, विस्मृतीत गेलेली खाती हाही एक प्रश्न असतो. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झालेले बचत खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणीच विचारणा केली नाही, तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. तरीही ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा तीवरील हक्क कायम राहतो. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी. पतीच्या निधनानंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. परंतु त्यासाठी निवृत्तिवेतनाचा मूळ आदेश, विवाहाची व जन्मतारखेची कागदपत्रे आणि मृत्यूचा दाखला लागतो. पुष्कळ घरांत हे कागद कोठे आहेत, हे फक्त पतीलाच ठाऊक असते. परक्या देशात, परक्या भाषेत, दुःखाच्या दिवसांत त्यांचा शोध घेणे फार कठीण जाते. ज्या पत्नीच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर आहे, तिच्यासह संयुक्त खाते ठेवण्याची मुभा केंद्र सरकारच्या निवृत्तांना आहे. तिचा लाभ घ्यावा आणि सर्व कागदांची एक धारिका दोघांनाही माहीत असलेल्या जागी ठेवावी. मृत्यूची वार्ता बँकेस तत्काळ कळवणेही तितकेच आवश्यक आहे. कारण मृत्यूनंतर जमा झालेले जादा निवृत्तिवेतन परत करावे लागते.

देश तसे नियम

हा प्रश्न केवळ भारतातून बाहेर जाणाऱ्यांचा नाही. ब्रिटनमध्ये आयुष्यभर नोकरी करून मायदेशी परतलेल्यांनाही तो भेडसावतो. ब्रिटनचे राज्य निवृत्तिवेतन भारतात राहून घेता येते. परंतु भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत राहणाऱ्यांना त्यात दरवर्षी होणारी वाढ मिळत नाही. दुसरीकडे, परदेशात नोकरी करणाऱ्यांची वर्गणी वाया जाऊ नये, यासाठी भारताने काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. त्यांतील बेल्जियमशी झालेला करार १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आला. पुढे जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांशीही असे करार झाले. एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला लावून मोकळे होता येत नाही, हेच यावरून दिसते.

मुलांच्या घरी आईवडिलांना काही कमी पडत नाही, हे खरे. तरीही स्वतःच्या कष्टांतून आलेले चार पैसे हाती असणे, नातवाला वाढदिवसाला स्वतःच्या पैशाने पुस्तक घेऊन देणे, यांत वेगळे समाधान असते. नोव्हेंबरमधला तो एक दाखला, बँकेला वेळेवर लिहिलेले एक पत्र आणि पतिपत्नींनी मिळून नीट लावलेली एक धारिका, एवढ्या साध्या गोष्टींवर ते समाधान अवलंबून असते. त्यांची तयारी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच झालेली बरी.