काचतंतूंच्या जुन्या नौकांतील कीलचे दोष व त्यांची दुरुस्ती

शिडाच्या नौकेवर वारा आडवा आला, की ती एका कुशीवर कलते. कललेल्या नौकेला पुन्हा सरळ करणारा तिचा मुख्य अवयव म्हणजे कील होय. आधुनिक नौकांत ही कील शिशाच्या अथवा बिडाच्या जड पात्याच्या स्वरूपाची असून तळाच्या मध्यरेषेखाली, कवचातून आरपार गेलेल्या बोल्टांनी जखडलेली असते. काही नौकांत हे वजन कवचाच्या पोकळीतच बंदिस्त केलेले असते. प्रस्तुत लेखात मात्र बोल्टांनी जोडलेल्या कीलचाच विचार केला आहे. काचतंतू व राळ यांचे कवच लाकडाप्रमाणे कुजत नाही. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत बांधलेल्या पुष्कळ नौका आजही पाण्यावर आहेत. परंतु कवच टिकले म्हणजे सांधा टिकला, असे होत नाही.

सांध्यावर येणाऱ्या भाराची कल्पना एका साध्या उदाहरणाने येईल. समजा, कीलचे वजन १,२०० किलोग्रॅम असून तिचा गुरुत्वमध्य सांध्याच्या ७५ सेंटिमीटर खाली आहे. नौका सरळ उभी असताना सर्व बोल्टांना मिळून हे १,२०० किलोग्रॅम वजनच तोलावे लागते. पण नौका पूर्ण आडवी झाली, म्हणजे तेच वजन सांध्याला उचकटू लागते व त्याचे परिबल ९०० किलोग्रॅम-मीटर होते. वरच्या बाजूचे ताणलेले बोल्ट आणि खालच्या बाजूची दाबलेली कड यांतील अंतर १५ सेंटिमीटर मानले, तर त्या बोल्टांवरील एकूण ताण ६,००० किलोग्रॅम, म्हणजे कीलच्या वजनाच्या पाचपट होतो. हा ताण बोल्टांवर संपत नाही. तो वॉशरांतून कवचात, कवचातून तळाच्या आडव्या तुळयांत आणि तेथून सबंध नौकेत पसरावा लागतो. या साखळीतील एक दुवा निखळला, की उरलेल्यांवरचा भार वाढतो.

या साखळीचे दुर्बळ दुवे मुख्यतः तीन आहेत. पहिला दुवा बोल्टांचा. अगंज पोलादाला उघड्या हवेत सहसा गंज चढत नाही. कारण प्राणवायूच्या साहाय्याने त्याच्या पृष्ठावर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो. परंतु सांध्याच्या फटीत खारे पाणी साचून राहिले आणि तेथील प्राणवायू संपला, की हा पापुद्रा नष्ट होतो व बोल्ट आतून खचत जातो. वरचे नट चकचकीत असताना सांध्यातील बोल्ट निम्मा झिजलेला असू शकतो. दुसरा दुवा तुळया व कवच यांमधील चिकटजोडाचा. तिसरा दुवा कीलच्या मागील कडेवरचे कवच. कील खडकावर आपटली, की नौकेच्या वेगामुळे तिची पुढली कड खाली ओढली जाते आणि मागील कड वर कवचात घुसू पाहते. पुढे दिसणारी भेग लक्ष वेधून घेते. खरी मोडतोड पुष्कळदा मागे, फळ्यांखाली झालेली असते.

‘चीकी रफीकी’ ही २००६ साली बांधलेली ब्रिटिश नौका मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउथॅम्प्टनकडे जात असता उत्तर अटलांटिक महासागरात कील सुटून उलटली. तिच्यावरील चारही जण प्राणास मुकले. त्यांचा जीवरक्षक तराफा उलटलेल्या नौकेत आपल्या जागीच आढळला. नौका हाती न लागल्याने कारणाचा निर्णय अनुमानानेच करावा लागला. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने २०१५ च्या अहवालात असे मत मांडले, की नौका पूर्वी वेळोवेळी तळाला लागली होती आणि त्यानंतर दुरुस्त्याही झाल्या होत्या. या दोहोंच्या एकत्रित परिणामाने सांधा दुबळा झाला असावा. अंतर्गत सांगाडा कवचाला चिकटवलेला असल्यास तो सुटला आहे हे ओळखणे किती कठीण असते, याकडेही अहवालाने लक्ष वेधले.

यावरून दुरुस्तीचा क्रम निश्चित होतो. प्रथम नौका पाण्याबाहेर काढावी. ती पट्ट्यांवर उचललेली असताना व नंतर कीलवर टेकवल्यावर, अशा दोन्ही वेळी सांधा पाहावा. फट उघडझाप करीत असेल, तर केवळ रंग तडकलेला नाही हे उघड आहे. आतून तुळयांच्या कडा लहान हातोडीने ठोकून पाहाव्या. घट्ट जोडाचा आवाज खणखणीत, तर सुटलेल्या जोडाचा बद्द येतो. संशय राहिल्यास कीलला खालून भक्कम आधार देऊन नट सोडावे व कील उतरवून बोल्ट प्रत्यक्ष तपासावे.

खराब झालेले थर खरवडून निरोगी थरापर्यंत जाणे आवश्यक आहे. कडा मात्र उतरत्या घासाव्या: जाडीच्या बारापट लांबीचा उतार ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीस ६० मिलिमीटर. उतार जितका लांब, तितके चिकटण्याचे क्षेत्र मोठे व ताण सौम्य. येथे पॉलिएस्टर राळेपेक्षा इपॉक्सी राळ श्रेयस्कर. कारण पूर्वी घट्ट झालेल्या थराला ती अधिक दृढपणे चिकटते. थर कोरडा होईपर्यंत थांबण्यास पर्याय नाही. तुळया पुन्हा बसविताना कोपरे गोलसर भरून काचकापडाच्या रुंद पट्ट्या कवचावर दूरवर पसराव्या आणि नटांखाली लहान वॉशरांऐवजी जाड, रुंद पट्ट्या घालाव्या. शेवटी सांध्यात जलरोधक लेप भरून, निर्मात्याने सांगितलेल्या परिबलानेच नट आवळावे.

या कामाचा खर्च कित्येकदा जुन्या नौकेच्या किमतीइतका होतो. साहजिकच भेगेत लांबी भरून वर रंग देण्याचा मोह पडतो. पण लांबीला ताण सोसत नाही; ती केवळ पाणी व परीक्षकाची नजर अडवते. यथायोग्य दुरुस्ती परवडत नसेल, तर ती नौका किनाऱ्यावरच ठेवणे हाच प्रामाणिक हिशेब होय; कारण कील सुटल्यावर नौका उलटण्यास लागणारा अवधी तराफा सोडण्यासही पुरेल, याची शाश्वती नसते.