गुरूला माहीत नव्हते, असे मानले तरी

१९८१ मध्ये रजनीश पुण्याचे कोरेगाव पार्क सोडून अमेरिकेला गेले. त्यांच्या अनुयायांनी ऑरेगन राज्यात सुमारे चौसष्ट हजार एकरांचे रान घेऊन रजनीशपुरम वसवले आणि १९८५ संपता संपता ते उठलेही. या काळाची आठवण निघाली की बोलणे रोल्स-रॉइस गाड्यांवर जाते. गाड्या अनुयायांनी स्वखुशीने दिल्या. त्यांचा हिशेब त्यांनीच करावा. मला अस्वस्थ करतो तो सप्टेंबर १९८४. द डॅल्स या गावातल्या दहा उपाहारगृहांतील सॅलडमध्ये रजनीशपुरममधल्या काही जणांनी सालमोनेलाचे जंतू मिसळले आणि ७५१ माणसे आजारी पडली. नोव्हेंबरच्या काउंटी निवडणुकीत स्थानिक मतदारांना मतदानापासून दूर ठेवण्याच्या बेताची ती चाचणी होती.

स्थानिकांनी या परक्या पंथाचा आधीपासून द्वेष केला, असे अनुयायी म्हणतात. द्वेष होता, हे खरेच. पण केवळ आकसाने आळ घ्यायचा असता तर तो पहिल्याच दिवशी घेतला गेला असता. प्रत्यक्षात आरोग्य खात्याच्या तपासाने प्रथम उपाहारगृहांतील कामगारांच्या अस्वच्छतेकडे बोट दाखवले. खरा उलगडा वर्षभराने झाला, तोही रजनीशपुरममधल्याच प्रयोगशाळेत जंतू सापडल्यावर.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. रजनीश त्या वेळी सार्वजनिक मौनात होते, कारभार मा आनंद शीला पाहत होत्या आणि सप्टेंबर १९८५ मध्ये शीला युरोपात निघून गेल्यावर पत्रकारांपुढे त्यांच्यावर आरोप केले ते रजनीशांनीच. शीलांनी पुढे गुन्हे कबूल केले. रजनीशांवर विषप्रयोगाचा गुन्हा सिद्ध झाला नाही. त्यांना शिक्षा झाली ती स्थलांतर कायद्याखाली. म्हणून त्यांना काहीच ठाऊक नव्हते, असे मी वादापुरते मान्य करतो. मग प्रश्न अधिकच कठीण होतो. जो माणूस हजारो लोकांना जागे करतो असे सांगतो, त्याच्या घरातच जंतू वाढवले जातात, खोल्यांमध्ये चोरून संभाषणे ऐकली जातात, आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही? पोचण्याची वाटच उरली नव्हती. शीलांचा शब्द हा गुरूचा शब्द मानला जात होता. शंका घेणाऱ्याला अहंकारी ठरवले जात होते. सुशिक्षित, बुद्धिमान माणसे तिथे होती, तरी त्यांच्या बुद्धीला नकार देण्याची जागा नव्हती. एखाद्या गुरूची प्रवचने गोड आहेत की पोकळ, यावर वाचकांनी खुशाल भांडावे. रजनीशांच्या कित्येक पुस्तकांत विचार करायला लावणारे बरेच आहे. पण चळवळ तपासताना मी आधी एवढेच विचारीन, की तिथे कोणी उघडपणे ‘हे चूक आहे’ म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय होते?