सीप्झच्या कुंपणातील देऊळ

अंधेरीस, सीप्झ ह्या निर्यात-क्षेत्राच्या हद्दीत, कारखान्यांच्या गर्दीत संत योहान बाप्तिस्टाचे जे जीर्ण देऊळ उभे आहे (येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात), तेथे वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, परवानगीने मिस्सा होते. संपादकांनी मला नेमके त्याच दिवशी तेथे पाठविले.

दफ्तरी इतिहास थोडक्यात सांगतो. 1534 च्या तहाने वसईबरोबर साष्टी (अंधेरी ह्याच बेटावर) पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेली आणि 1579 मध्ये येशूसंघीयांनी ही इमारत बांधली. पुढे मराठे आले, इंग्रज आले, तरी गाव देवळाभोवतीच राहिले. ते उठले 1840 मध्ये, रोगाच्या साथीने. जाताना लोकांनी वेद्या, मूर्ती आणि स्नानसंस्काराचे पात्र मरोळच्या नव्या देवळात नेले. 1973 मध्ये सीप्झ स्थापन झाले आणि ही ओसाड वास्तू कुंपणाआड गेली.

मला खिळवून ठेवले ते भिंतींनी. छप्पर कधीच गेले आहे; कमानीखाली उभे राहिले की वर आकाश दिसते आणि दगडांच्या सांध्यांतून उतरलेली, मनगटाएवढी जाड मुळे दिसतात. हे दगड सांधले आहेत चुन्याने. चुनखडी किंवा शिंपले भाजायचे, पाण्यात विझवायचे, रेतीबरोबर घाणीत दळायचे, अशा रीतीने सिद्ध झालेला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा पाषाणरूप होतो, आणि भिंतीत मुरलेल्या ओलाव्यास बाहेर पडण्याची वाटही ठेवतो. ह्या सौम्य गुणामुळेच अशा भिंती शतकानुशतके टिकतात. परंतु छप्पर गेलेल्या भिंतीच्या माथ्यावर पावसाने चुना धुपला की पाखरांनी टाकलेले बी तेथेच रुजते.

मिस्सा संपल्यावर लुगडे नेसलेल्या एका वृद्ध बाईंनी भिंतीला हात लावून तो कपाळी टेकविला. मी विचारले, "आजी, मूर्ती तर मरोळला आहेत; मग इथे कशासाठी येता?" त्या म्हणाल्या, "भिंती कशा नेणार, बाबा?"

त्या उत्तरातच ह्या वास्तूची सारी चिंता आहे. भिंती नेता येत नाहीत, त्या जागीच राखाव्या लागतात. त्यांत रुजलेले रोप कोवळे असतानाच मुळासकट काढले पाहिजे. खोड जून झाल्यावर तोडले तरी ते पुन्हा फुटते आणि ओढले तर दगड घेऊन येते. सिमेंट लिंपणे हा तर उपाय नव्हेच, कारण त्या कठीण थराआड ओल कोंडते आणि जुना चुना आतून भुसभुशीत होतो. येथे हवा चुन्याचे काम जाणणारा गवंडी, आणि हवी दर पावसाळ्यापूर्वीची डागडुजी. प्रार्थनेला एक दिवस पुरतो, दुरुस्तीला पुरत नाही. आणि ज्यांना ह्या भिंतींची माया आहे, ते उरलेले सारे वर्ष कुंपणाबाहेर असतात. त्यांना गवंड्यासह आणखी काही दिवस आत येऊ द्यावे, एवढेच माझे कळकळीचे मागणे आहे.

योहानाचा सण 24 जूनला, भर पावसात, येतो; पण तेव्हा ही माणसे कुंपणाबाहेरच असतील. निघताना कमानीच्या माथ्यावर चार पानांचे पिंपळाचे रोप दिसले. आज ते दोन बोटांनी उपटता येईल. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याचे मूळ सांध्यात उतरलेले असेल.