फर्माची सहावी संख्या

गणितशास्त्रांत थोर पुरुषाच्या शब्दास मान असतो. परंतु पुराव्याची जागा तो शब्द घेऊं शकत नाहीं. ही गोष्ट ज्या एका संख्येनें स्पष्ट केली, ती ४,२९,४९,६७,२९७ ही होय.

जिला १ व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, अशा १ हून मोठ्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी फर्मा हा फावल्या वेळांत गणित करी. २ घ्यावे, त्यांचा वर्ग करावा, वर्गाचा पुन्हा वर्ग करावा, आणि दर वेळीं १ मिळवावा, असें केल्यास ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. या पांचही मूळ आहेत. यावरून पुढील सर्व संख्याहि मूळच असल्या पाहिजेत, असें फर्मानें १६४० सालीं पत्रांतून कळविलें. मात्र आपणांस सिद्धता सांपडलेली नाहीं, हेंहि त्यानें प्रांजळपणें मान्य केलें.

या मालिकेंतील सहावी संख्या म्हणजेच वरील संख्या. २ चा ३२ वा घात अधिक १. सुमारें ९२ वर्षांनीं, १७३२ सालीं, ऑयलर यानें दाखविलें कीं हिला ६४१ नें निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. पडताळा घरींहि पाहतां येतो. भागाकाराची ६०० पट ४,०२,०२,५०,२००, ४० पट २६,८०,१६,६८० आणि एक पट ६७,००,४१७. या तिन्हींची बेरीज केली कीं मूळची संख्या हातीं येते.

पण ६४१ च कां? पुढें ऑयलरनेंच सिद्ध केलें कीं हिच्या प्रत्येक मूळ भाजकास ६४ नें भागल्यास बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. म्हणजे पांचव्याच प्रयत्नास यश!

भागाकार न करतांहि हें कळतें. ६४० च्या चौथ्या घातांतून १ वजा केल्यास बाकीस ६४१ नें भाग जातोच. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आतां ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, आणि १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. ६४१ ची पट बाजूस काढली कीं २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या उरते. अर्थात् तिलाहि ६४१ नें भाग गेलाच पाहिजे.

त्या पहिल्या पांचांपलीकडे या मालिकेंत मूळ संख्या आजवर एकहि सांपडलेली नाहीं. आणि ती मुळींच नाहीं, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पांच उदाहरणें जुळलीं म्हणून सहावें जुळेलच, हा समज व्यवहारांतहि सर्वांना मोहांत पाडतो. फर्मासारख्या बुद्धिमंतासहि तो चुकला नाहीं, हें ध्यानीं धरलें तर उदाहरण व सिद्धता यांतील अंतर कायमचें मनावर ठसेल.